चिकूच्या बुडाशी दडलेली खिरणी: मुंबईत रांजणाचं झाड लावायचं असेल तर

माझी खिरणी, म्हणजे रांजणाचं झाड, मी लावलेलीच नाही. २०१२ च्या जूनमध्ये सोसायटीच्या मागच्या कुंपणाशी मी लावलं होतं ते चिकूचं कलम, डहाणूकडच्या एका वाडीतून रेल्वेनं मांडीवर धरून आणलेलं. पुढच्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो. वॉचमनला पाणी घालायला सांगितलं होतं. त्यानं घातलंही असेल, पण बहुधा शेजारच्या तुळशीला. परत आलो तर कलमाची काडी झालेली. उपटायला वाकलो तेव्हा बुडाशी दोन कोवळे कोंब दिसले. वाटलं, चिकू जगला.

पुढची नऊ वर्षं मी त्याला चिकू म्हणत होतो. झाड वाढत होतं, पण अगदी सरकारी कामासारखं. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याला पहिल्यांदा फळं धरली: निंबोळीएवढी, पिवळीधमक. सोसायटीतल्या पोरांनी ती निंबोळ्या समजून एकमेकांना मारली. मी एक फांदी तोडून बोरिवली स्टेशनबाहेर बसणाऱ्या वसईच्या मावशींना दाखवली. त्यांनी फांदीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "दादा, हे चिकूचं नाय, रांजणाचं हाय. चिकू मेला तुझा, खालचा खुंट वाढला."

झालं होतं ते एवढंच. आपल्याकडे चिकूचं कलम खिरणीच्या रोपावर बांधतात. वरचा चिकू मेला की खालची खिरणी डोकं वर काढते. तेव्हापासून मी या झाडाच्या मागे लागलो, आणखी तीन रोपं लावली, त्यातलं एक मारलं. मुंबईत कुणाला खिरणी लावायची असेल तर माझ्या चुका त्यांनी पुन्हा करू नयेत, म्हणून हे लिहितोय.

१. आधी नावांचा गुंता सोडवा

मराठीत याला खिरणी, रांजण, राजण, रायणी अशी नावं आहेत. गुजरातीत रायण, हिंदीत खिरनी. संस्कृतात क्षीरिणी, म्हणजे दूधवाली, कारण पान तोडलं की पांढरा चीक येतो. दुसरं संस्कृत नाव राजादन, राजाचं खाणं. रायण आणि राजण त्यातूनच आले असावेत असं मला वाटतं. शास्त्रीय नाव मॅनिल्कारा हेक्सॅन्ड्रा. हेक्सॅन्ड्रा म्हणजे सहा पुंकेसरांचं. चिकू आणि बकुळ याच कुळातले, म्हणजे घरातलेच.

नेटवर 'रांजण' शोधाल तर मातीचे रांजण, निघोजचे रांजणखळगे आणि रांजणगावचा गणपती एवढंच सापडेल. नर्सरीवाल्याला विचारताना 'खिरणी' म्हणा, आणि तो गुजराती असेल तर 'रायण' म्हणा. मी पहिल्यांदा 'रांजणाचं रोप आहे का' असं फोनवर विचारलं, तर पलीकडून "केवढ्या साइजचा हवाय, नळ बसवलेला की बिननळाचा" असा प्रश्न आला.

२. झाड ओळखायला शिका

हे नीट वाचा, कारण फसवणूक इथेच होते, आणि बहुतेक वेळा विकणारा मुद्दाम फसवत नसतो, त्यालाच माहीत नसतं.

खिरणीचं पान हातात घ्या. जाड, चिवट, वरून गडद हिरवं आणि चकचकीत. टोक बघा. बकुळीच्या पानाला पुढे टोक निघतं आणि कडा लाटेसारख्या असतात. खिरणीचं पान पुढे बोथट, गोलसर असतं आणि मधोमध बारीकशी खाच पडलेली असते, जणू कुणी नखानं चिमटा काढलाय. सगळ्याच पानांना ती ठळक नसते, म्हणून आठ-दहा पानं बघा. पानं फांदीच्या शेंड्याशी झुबक्यानं येतात. चिकूचं पानही शेंड्याशीच येतं, पण ते लांबट आणि दोन्हीकडे निमुळतं असतं.

मोठ्या झाडाची साल काळपट, खोल भेगांची. फुलं हिवाळ्यात येतात, पांढरट-पिवळसर, पानांच्या बेचक्यात, आणि इतकी लहान की खाली पडेपर्यंत लक्ष जात नाही. मधमाश्यांना मात्र लगेच कळतं. फळ साधारण एक ते दीड सेंटिमीटर लांब, पिवळं, आत तकतकीत तपकिरी बी, बहुतेक एकच.

बकुळीचं फळही असंच लांबटगोल असतं, पण थोडं मोठं, पिकल्यावर शेंदरी होतं, आतून पिठूळ आणि तुरट लागतं. बकुळीची रोपं खिरणी म्हणून विकलेली मी दोनदा पाहिली आहेत.

३. जागा आधी, रोप नंतर

खिरणी हे मुळात कोरड्या जंगलांचं झाड आहे: गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, दख्खन, तिथून खाली श्रीलंकेपर्यंत. श्रीलंकेत तिला पालू म्हणतात, आणि तिथल्या 'याला' नावाच्या राष्ट्रीय उद्यानात अस्वलं या फळांसाठी झाडावर चढतात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचं तिला वावडं नाही, त्यामुळे मुंबईची हवा चालते. चालत नाही ते साचलेलं पाणी. जुलैत जिथे तळं होतं ती जागा लगेच रद्द करा. माझं मेलेलं रोप तिथेच गेलं.

झाड सावकाश वाढतं, पण शेवटी बारा-पंधरा मीटर उंच, डेरेदार आणि बारमाही हिरवं होतं. म्हणून:

गॅलरीतली कुंडी नको. मोठ्या ड्रममध्ये दोन-चार वर्षं जगेल, तुम्हाला आनंदही देईल, पण फळांची आशा धरू नका.

भिंतीपासून निदान १५ फूट लांब. पार्किंगच्या वर नको, कारण फळगळ झाली की गाड्यांवर चिकट डाग पडतात आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाडाचा विषय निघतो. तो कधीच चांगल्या अर्थानं निघत नाही.

ऊन दिवसभर हवं. उंच टॉवरच्या सावलीत झाड हिरवं राहील, फळेल याची खात्री नाही.

गोराई, मनोरी, उत्तन, वसई इकडे कुणाची वाडी असेल तर प्रश्नच मिटला. तिथेच लावा.

४. रोप कुठून मिळवायचं

तीन वाटा आहेत.

पहिली, बी. एप्रिल-मेमध्ये फळं विकत घ्या, खा, बिया धुऊन सावलीत एक दिवस सुकवा आणि लगेच पेरा. बी डब्यात ठेवून 'पाऊस पडला की पेरू' म्हणालात तर बरीचशी वाया जाईल, ताज्या बीची गोष्ट वेगळीच. कवच कडक असतं, त्यामुळे एक दिवस पाण्यात भिजवून बाजूनं थोडं घासा. रुजायला महिना-दीड महिना धीर धरा, आणि निम्म्या बिया उगवल्या तरी खूश व्हा. ज्यांच्या ओळखीत मोठं झाड आहे त्यांनी सकाळी झाडाखाली जावं: वटवाघळं रात्री गर चोखून बिया टाकतात, साफ केलेल्या, फुकट. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून मात्र बी, फळ, रोप काहीही उचलू नका. ते वन्यजीव कायद्याखाली येतं आणि 'एकच तर बी आहे' हे तिथे चालत नाही.

दुसरी वाट, खुंटाची रोपं. जे नर्सरीवाले चिकूची कलमं बांधतात, त्यांच्याकडे खिरणीची रोपं असतातच. घोलवड, डहाणू, बोर्डी पट्ट्यात विचारा. घोलवडला चिकूची लागवड १८९८ मध्ये सुरू झाली आणि आज डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. चिकू मध्य अमेरिकेतून आलेला पाहुणा, त्याला इथल्या मातीत उभं केलं ते खिरणीच्या मुळांनी. खिरणीच्या खुंटावरचा चिकू जोमानं वाढतो, जास्त फळतो आणि जास्त वर्षं टिकतो. पण खिरणीचं रोप पेन्सिलीएवढं जाड व्हायलाच दोनेक वर्षं घेतं, त्यामुळे नर्सरीवाले ही रोपं सुटी विकायला नाखूश असतात. चिकूची दोन कलमं घेतलीत तर एखादं खुंटाचं रोप वर मिळतं, असा माझा अनुभव.

तिसरी वाट, निवडक झाडाचं कलम. गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूरच्या केंद्रीय फळसंशोधन केंद्रानं 'थार ऋतुराज' नावाची खिरणीची जात निवडली आहे. मुंबईच्या नर्सरीत ती मला दिसली नाही, पण गुजरातेत कुणी नातेवाईक असेल तर कामाला लावा.

बीपासूनच्या झाडाला फळ यायला दहा वर्षं धरून चाला. 'साहेब, दोन वर्षांत फळ' असं कुणी बिनकलमी रोपाबद्दल म्हणाला तर हसून पुढच्या नर्सरीत जा.

५. कागदपत्रं

स्वतःच्या वाडीत काही लागत नाही. सोसायटीत मात्र तोंडी परवानगीवर विसंबू नका. कमिटी बदलते, नवा सेक्रेटरी येतो आणि त्याला त्या जागी बाइक स्टँड हवा असतो. हे जवळ ठेवा:

कमिटीला दिलेला लेखी अर्ज, त्यावर पोच. जागेचा साधा नकाशा, भिंतीपासून किती फूट ते लिहून. कमिटीच्या ठरावाची प्रत. लावलेल्या दिवशीचा फोटो, तारखेसह.

फुटपाथ किंवा रस्त्याकडेची जागा महापालिकेची, तिथे आपल्या मनानं खड्डा खणायचा नाही. वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात अर्ज द्यायचा. झाड मोठं झाल्यावर फांद्या छाटायच्या असतील तरी तिथेच जायचं, कारण महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार स्वतःच्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज झाडाचा दर्जा आहे. अर्जासोबत झाडाचे दोन-तीन बाजूंनी फोटो आणि सोसायटीचं पत्र लागतं. माझा पहिला अर्ज एका टेबलावर दीड महिना पडून होता, कारण मी झाडाच्या नावासमोर 'रांजण' लिहिलं होतं आणि यादीत ते नव्हतं. 'खिरणी' लिहून परत दिला, आठवड्यात माणूस पाहायला आला.

आमच्या कमिटीत एकदा 'हे जंगली झाड काढून टाकू' असा विषय आलाच. मी कागद काढायच्या आत तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकू उठल्या. पालिताण्याला शत्रुंजय डोंगरावर आदिनाथ भगवानांचं रायणवृक्ष आहे, जैन यात्रेकरू त्याला प्रदक्षिणा घालतात. "रायण कापशो? मारा घर सामे?" एवढंच त्या म्हणाल्या. विषय तिथेच संपला. माझ्या ठरावाच्या प्रतीपेक्षा त्या काकू जास्त उपयोगी पडल्या, हे मान्य करायला हवं.

६. खड्डा

लागणारं सामान: पहार, फावडं, दोन घमेली, शेणखत, लाल माती, बांबूची काठी, सुतळी, जाळीचं कुंपण. पहार विसरू नका. मुंबईतल्या सोसायट्यांची जमीन म्हणजे वर फूटभर माती आणि खाली बिल्डरचं डेब्रिज. आमच्या खड्ड्यातून अर्धा टाइल, कमोडचा तुकडा आणि एक अख्खी वीट निघाली.

खड्डा तीन बाय तीन बाय तीन फूट, मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या. डेब्रिज बाहेर फेका, परत आत लोटू नका. तीन भाग लाल माती, एक भाग शेणखत. भरताना जमिनीच्या वर निदान अर्धा फूट उंचवटा ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी बुडाशी थांबणार नाही. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावा. कलम लावत असाल तर जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे, तो गाडलात तर सगळं मुसळ केरात.

७. पहिली तीन वर्षं

पावसाळ्यात पाणी नको. ऑक्टोबरच्या उन्हापासून पुढे आठवड्यातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड. बुडाशी सुका पाला पसरा. गावी जाताना वॉचमनवर भिस्त ठेवायची असेल तर त्याला झाड हात लावून दाखवा, नुसतं बोट नको.

चिकूचं कलम लावलेल्यांसाठी वेगळी सूचना. जोडाच्या खालून कोंब फुटला आणि तो ठेवलात तर तो चिकूला खाऊन टाकेल. चिकू हवा असेल तर तो लगेच काढा. खिरणी हवी असेल तर, माझ्यासारखी, वाट बघा.

एक चूक मात्र सगळेच करतात. सोसायटीचं आवार सुशोभित करायला निघालं की बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक येतात. भोवती निदान एक मीटर माती उघडी राहील हे कंत्राटदाराला काम सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर कोणी उखडत नाही.

८. फळ: काढायचं, खायचं, वाळवायचं

फळ एप्रिलपासून सुरू होतं आणि पहिल्या पावसाबरोबर संपतं. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून, पण वळवाचा एक जोरदार पाऊस झाला तरी गर पाणचट होतो. हिरवट फळ काढू नका, चीक तोंडाला चिकटतो. पूर्ण पिवळं झालेलंच काढा आणि एक रात्र पसरून ठेवा. सकाळी ओल्या फडक्यानं पुसा, ओठांना खोबरेल तेलाचं बोट लावा, मग खा. चव चिकूच्या जवळची, पण पातळ, मधासारखी, शेवटी किंचित तुरट. एका वेळी वाटीभर पुरे. त्यापुढे ओठ एकमेकांना चिकटतात आणि फोनवर बोलता येत नाही.

विकत घ्यायची असतील तर वसई-विरारकडच्या बायका वेस्टर्न लाइनच्या स्टेशनांबाहेर करवंद-जांभळांच्या शेजारी रांजणं मांडतात, वाट्यावर. सकाळी लवकर जा. फळ एका दिवसात मऊ पडतं, दुसऱ्या दिवशी आंबतं. बाजारात ते दुर्मीळ होत चाललंय त्याचं हे एक साधं कारण: प्रवास सोसत नाही.

टिकवायचं असेल तर वाळवा. गुजरातेत वाळलेल्या रायणीला कोकडी म्हणतात, उपासाला खातात. घाटकोपर, मुलुंड, कांदिवलीच्या गुजराती वाणसामानाच्या दुकानांत विचारून बघा. घरी करायची तर पंचावर एकेरी थर पसरा, वरून दुसरा पंचा, तीन-चार कडक उन्हं. मनुकेसारखी सुरकुतली की झालं. हे मेच्या मध्यापर्यंत उरका. त्यानंतर हवेत इतका दमटपणा येतो की खालच्या बाजूनं बुरशी धरते. माझी एक अख्खी ताटली अशीच टाकली.

९. बाकीचे उपयोग

लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. जुन्या तेलाच्या घाण्यांना, घराच्या खांबांना, अवजारांच्या दांड्यांना ते वापरत. बियांच्या गरातून खाण्याचं तेल निघतं. साल कातडी कमावायला जायची. सोसायटीतल्या माणसाला यातलं काहीच करायचं नसतं हे मला माहीत आहे, आणि लाकडासाठी तोडायचा विचार तर मनातही आणू नका. आपल्याला उरते ती बारमाही गर्द सावली, आणि मे महिन्यात पहाटे साडेपाचला कोकीळ, बुलबुल आणि धनेश यांचं भांडण. धनेश आमच्याकडे एकदाच आला, पण आला.

गेल्या वर्षी ओळखीच्या माळ्याला बोलावून मी माझ्या खिरणीच्या तीन खालच्या फांद्यांवर चिकूच्या काड्या बांधून घेतल्या. दोन वाळल्या. तिसरीला आता चार पानं आली आहेत, लांबट, निमुळत्या टोकांची. यंदा मेमध्ये आम्ही गावी जाणार नाही.